एपी स्टॅटिस्टिक्सचा अभ्यास क्लास न लावता होतो का?

प्रश्न थोडक्यात असा: अकरावी सायन्स, राज्य मंडळ, कोथरूडमधलं ज्युनिअर कॉलेज. पुढच्या मे महिन्यात एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची परीक्षा) स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यायचा आहे, कारण बारावीनंतर अमेरिकेत अर्थशास्त्र किंवा डेटा सायन्सला अर्ज करायचा विचार आहे. कॉलेजात एपी नाही, ऑनलाइन क्लासची फी घरी झेपणारी नाही. दहावीला गणितात 97 आहेत, आणि सगळे म्हणतात हा एपीतला सोपा विषय. तर एकटीने अभ्यास करून पाचपैकी पाच मिळतील का, आणि पुस्तक कुठलं घेऊ?

एकटीने जमेल. पण 97 गुणांच्या भरवशावर राहू नकोस, ते इथे फार थोड्या ठिकाणी कामाला येतात.

सल्ला कुठून येतोय ते कळावं म्हणून थोडं माझ्याबद्दल. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते, नंतर शिकवायला लागले. पदवीचे विद्यार्थी हे मुख्य काम, पण एपी आणि ए लेव्हलची मुलंही येत असतात, राज्य मंडळाची, सीबीएसईची, आंतरराष्ट्रीय शाळांतली. वर्गात गणितात पहिला येणारा मुलगा याही परीक्षेत पहिला येतो असं मला दिसलेलं नाही. ज्याला आपलं म्हणणं दोन-तीन वाक्यांत नेमकं लिहिता येतं, तो इथे पुढे जातो. आणि नेमकं तेच आपल्याकडे अकरावी-बारावीच्या गणितात कुणी करून घेत नाही.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा फिरवून घेते. पुस्तक कुठलंही चालेल. अडचण अशी आहे की तुझी उत्तरं वाचणार कोण? इंटिग्रेशनचं गणित सोडवलं की मागच्या पानावर उत्तर बघून ताडता येतं. या विषयात उत्तर म्हणजे बऱ्याचदा एक परिच्छेद असतो, आणि स्वतः लिहिलेला परिच्छेद वाचताना आपल्या मनातलं, कागदावर न आलेलं वाक्यही आपल्याला तिथे दिसतं. एकट्याने अभ्यास करणारी मुलं अडकतात ती इथे.

आधी परीक्षेचं स्वरूप. मे 2026 पर्यंतच्या परीक्षेत तीन तासांचे दोन समान भाग होते: दीड तासात 40 बहुपर्यायी प्रश्न आणि दीड तासात 6 लेखी प्रश्न. दोन्हींना निम्मं-निम्मं वजन. लेखीतला शेवटचा प्रश्न, इन्व्हेस्टिगेटिव्ह टास्क, एकटाच एकूण गुणांपैकी साडेबारा टक्के घेऊन जायचा. 2026-27 या वर्षापासून अभ्यासक्रमाची फेररचना जाहीर झाली आहे, त्यामुळे कॉलेज बोर्डाच्या साइटवरून तुझ्या वर्षाचं ‘कोर्स अँड एक्झाम डिस्क्रिप्शन’ उतरवून घे आणि प्रकरणं, प्रश्नांची संख्या, वेळ हे सगळं त्यातलंच खरं मान. जुन्या गाइडमध्ये किंवा कुणा दादा-ताईच्या नोट्समध्ये वेगळं दिसलं तर त्या बाजूला ठेव. मी इथे सांगतेय तो भाग कुठल्याही रचनेत लागणारच आहे.

आता तुझी तयारी कुठपर्यंत आहे ते बघू. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात मेजर्स ऑफ डिस्पर्शन आणि प्रोबॅबिलिटी आहे, बारावीला प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन्स आणि बायनॉमियल. म्हणजे व्हेरियन्स काढणं, कंडिशनल प्रोबॅबिलिटी, एक्स्पेक्टेड व्हॅल्यू या गोष्टी तुला थोड्या सरावाने जमतील. पण नमुना कसा निवडायचा, प्रयोग कसा आखायचा, आणि थोड्या लोकांकडून मिळालेल्या आकड्यांवरून सगळ्यांबद्दल किती आणि काय म्हणता येतं, हे तिन्ही तिथे जवळजवळ नाही. एपीचा मोठा हिस्सा त्यातच आहे. त्यामुळे ‘प्रोबॅबिलिटी माझी पक्की आहे, बाकी महिन्याभरात उरकेन’ असा हिशोब करू नकोस.

लेखी प्रश्न तपासतात कसे, हे कळलं की अभ्यास कसा करायचा ते आपोआप ठरतं. मे 2026 पर्यंतच्या प्रश्नांच्या निकषांत प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण. प्रश्नाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला ई, पी किंवा आय मिळतो: मूलतः बरोबर, अंशतः बरोबर, चूक. मग त्यांची गोळाबेरीज करून गुण ठरतात. हुशार मुलांना ‘आय’ फारसा मिळत नाही, त्यांचं नुकसान ‘पी’ करतो. आकडा बरोबर पण संदर्भ नाही: पी. चाचणी बरोबर पण अटी तपासल्या नाहीत: पी. असे चार-पाच पी साठले की अंतिम निकालातल्या 5 चा 4 किंवा 3 होतो, आणि विद्यार्थ्याला शेवटपर्यंत कळत नाही की पेपर तर छान गेला होता, मग झालं काय.

एक उदाहरण सविस्तर करू. प्रश्न मीच बनवते. बाणेरच्या एका मोठ्या संकुलात 900 फ्लॅट आहेत. त्यातले 60 चिठ्ठ्या टाकून निवडले. 39 घरांनी सांगितलं की आम्ही ओला आणि सुका कचरा रोज वेगळा करतो. संकुलातली निम्म्याहून जास्त घरं कचरा वेगळा करतात, असं म्हणायला पुरेसा पुरावा आहे का?

जेईईच्या सवयीचा विद्यार्थी लिहितो: पी-हॅट (नमुन्यातलं प्रमाण) 0.65, झेड 2.32, पी-व्हॅल्यू (हिचा अर्थ पुढे सांगते) 0.01, म्हणून एच-नॉट (‘निम्मीच घरं करतात’ हे मूळ गृहीतक) रिजेक्ट. आकडे सगळे बरोबर आहेत, आणि तरी हे उत्तर पूर्ण गुणांच्या जवळपासही जात नाही.

त्यात काय राहिलं ते बघ. पहिलं, पी (गुणांमधला नव्हे, गृहीतकातला) म्हणजे काय हे सांगितलंच नाही. इथे पी म्हणजे संकुलातल्या सर्व 900 घरांपैकी रोज कचरा वेगळा करणाऱ्या घरांचं प्रमाण. एच-नॉट: पी बरोबर 0.5, पर्यायी गृहीतक: पी 0.5 पेक्षा जास्त. कितीतरी मुलं इथे पी-हॅट लिहितात. पी-हॅट तर आपल्याला माहीतच आहे, 0.65. माहीत असलेल्या गोष्टीबद्दल गृहीतक कशाला मांडायचं? दुसरं, चाचणीचं नाव: एका प्रमाणासाठीची झेड-चाचणी. तिसरं, अटी, आणि गुण गळतात ते बहुतेक इथेच. निवड यादृच्छिक होती का? हो, चिठ्ठ्या टाकल्या. नमुना समष्टीच्या, म्हणजे सगळ्या 900 घरांच्या, 10 टक्क्यांपेक्षा कमी आहे का? 60 हे 90 पेक्षा कमी, चालेल. नमुना पुरेसा मोठा आहे का? 60 गुणिले 0.5 म्हणजे 30, दोन्ही बाजूंना 30, दोन्ही 10 पेक्षा जास्त. इथे 0.65 न वापरता 0.5 का वापरला? कारण चाचणीचं सगळं गणित ‘एच-नॉट खरं आहे असं धरून’ चाललेलं असतं. याच आकड्यांवरून कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं प्रमाण कुठल्या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल याचा अंदाज) काढायचा असता तर एच-नॉट असं काही नसतंच, मग 39 आणि 21 हे प्रत्यक्ष आकडे तपासायचे. नुसत्या बरोबरच्या खुणा करून अटींची नावं लिहिली तर गुण मिळत नाहीत, आकडा घालून दाखवावं लागतं.

मग गणित: 0.15 भागिले 0.0645, झेड 2.32, पी-व्हॅल्यू सुमारे 0.01. हा भाग कॅल्क्युलेटर करतो आणि खरं सांगायचं तर उत्तराचा सगळ्यात सोपा भाग हाच.

शेवटी निष्कर्ष. पी-व्हॅल्यू 0.01 ही 0.05 पेक्षा लहान आहे, म्हणून एच-नॉट नाकारतो. या संकुलातल्या सर्व घरांपैकी निम्म्याहून जास्त घरं रोज कचरा वेगळा करतात असं म्हणायला खात्रीलायक पुरावा आहे. तुलना, निर्णय आणि संदर्भ, तिन्ही दोन वाक्यांत आले. ‘सिद्ध झालं’ असं लिहायचं नाही. आणि पी-व्हॅल्यू मोठी आली असती तर ‘एच-नॉट स्वीकारतो’ असंही लिहायचं नाही, ‘नाकारायला पुरावा पुरेसा नाही’ एवढंच.

हा शब्दच्छल वाटतो मुलांना. मला तो कारखान्यात पटला. लॉटमधून काही नग उचलून तपासायचे, त्यात दोष निघाला नाही तर रिपोर्टवर काय लिहायचं? ‘लॉटमध्ये दोष नाही’ असं लिहून सही करण्याची माझी कधी हिंमत झाली नाही, कारण बाकीचे नग कुणी पाहिलेलेच नव्हते. ‘तपासलेल्या नगांत दोष आढळला नाही’ एवढंच लिहायचं. तपासनीस ज्या वाक्यावर गुण कापतो त्या वाक्यामुळे बाहेरच्या जगात माल परत येतो, असं एकदा डोक्यात बसलं की पाठ करावं लागत नाही.

याच आकड्यांवरून 95 टक्क्यांचा इंटरव्हल काढलास तर साधारण 0.53 ते 0.77 येईल. आता दोन प्रश्न येतात आणि मुलं त्यांची हमखास सरमिसळ करतात. ‘इंटरव्हलचा अर्थ सांगा’ म्हटलं तर: संकुलातल्या सर्व घरांपैकी कचरा वेगळा करणाऱ्यांचं खरं प्रमाण 0.53 ते 0.77 च्या दरम्यान आहे असं आपण 95 टक्के विश्वासाने म्हणतो. ‘95 टक्के या पातळीचा अर्थ सांगा’ म्हटलं तर: याच पद्धतीने पुन्हा पुन्हा 60-60 घरांचे नमुने घेतले आणि दरवेळी इंटरव्हल काढला, तर त्यातले सुमारे 95 टक्के इंटरव्हल खऱ्या प्रमाणाला आपल्यात सामावून घेतील. ‘खरं प्रमाण या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता 95 टक्के’ हे वाक्य मात्र चूक. इंटरव्हल काढून झाल्यावर खरं प्रमाण त्यात आहे किंवा नाही, शक्यता कसली?

हे उदाहरण अजून संपलेलं नाही. समजा ती 60 घरं सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः दारात जाऊन विचारली. ‘नाही हो काका, आम्ही सगळं एकाच डब्यात टाकतो’ असं कोण सांगेल? 0.65 हा आकडा खऱ्यापेक्षा वरच असणार, आणि 60 च्या जागी 600 घरं विचारली तरी तो वरच राहणार. मार्जिन ऑफ एरर फक्त नशिबाने होणारी चूक मोजतं, विचारण्याच्या पद्धतीतली चूक त्यात येत नाही. ‘नमुना लहान आहे म्हणून निष्कर्ष चुकीचा’ हे मुलांचं आवडतं उत्तर आहे आणि बायसच्या (पद्धतीमुळे आकडा एका बाजूला झुकण्याच्या) प्रश्नात ते जवळजवळ नेहमीच गुण घालवतं. बायसचं उत्तर लिहिताना तीन गोष्टी हव्यात: कुणाकडून, कशामुळे, आणि आकडा कुठल्या दिशेला झुकेल. दिशा विसरलीस की पी.

आपल्या भागातलं एक खरंखुरं उदाहरण यासाठी मी नेहमी सांगते. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत होते. 1940 च्या दशकात देशात पीक किती येणार याचा अंदाज शेतात छोटा तुकडा आखून, त्यातलं पीक कापून, वजन करून बांधायची पद्धत रुजत होती. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर अंदाज सातत्याने जास्त येतो. तुकडा लहान झाला की क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड वाढते, आणि कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. असे कितीही तुकडे कापले तरी फरक तसाच राहतो. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ पी. सी. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, त्यामुळे या विषयावर दोघांमध्ये चांगलाच वाद रंगला होता. नमुन्याचा आकार आणि नमुना घेण्याची पद्धत या वेगळ्या गोष्टी आहेत हे यापेक्षा चांगलं मला समजावून सांगता येत नाही.

डेटा गोळा करण्याच्या या प्रकरणात आकडेमोड नसते म्हणून मुलं ते एका संध्याकाळी वाचून पुढे जातात. तू उलट कर, इथे रेंगाळ. विशेषतः एक फरक: यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक वाटणी. लोक चिठ्ठीने निवडले असतील तर निष्कर्ष समष्टीला लावता येतो. लोकांना औषध की साधी गोळी हे चिठ्ठीने ठरवलं असेल तर ‘औषधामुळे फरक पडला’ असं म्हणता येतं. दोन वेगळे परवाने आहेत, आणि प्रश्नात यातला कुठला आहे, दोन्ही आहेत की एकही नाही, हे वाचल्याशिवाय लिहायला घेऊ नकोस.

सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन (पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर त्यांचे आकडे कसे पसरतात ते) हा या विषयातला खरा उंबरठा आहे. तो ओलांडला नाही तर पुढच्या सगळ्या चाचण्या म्हणजे पाठांतर. यासाठी व्हिडिओ पाहण्यापेक्षा गूगल शीट्स उघड. एका ओळीत 60 खाने घे, प्रत्येकात रँड फंक्शनने 0 किंवा 1 निम्म्या-निम्म्या शक्यतेने येऊ दे, शेवटी सरासरी काढ. ती ओळ हजार वेळा खाली ओढ. आता तुझ्याकडे अशी हजार काल्पनिक सर्वेक्षणं आहेत, ज्यात खरं प्रमाण बरोबर निम्मं आहे. त्यांच्या सरासऱ्यांचा हिस्टोग्राम काढ आणि मोज, 0.65 किंवा त्याहून जास्त किती वेळा आलं. साधारण तेरा-चौदा वेळा येईल, दरवेळी थोडं वेगळं. पी-व्हॅल्यू म्हणजे हेच: निम्मं खरं असतं तर निव्वळ नशिबाने इतकं किंवा याहून टोकाचं किती वेळा दिसलं असतं. वर आपण 0.01 काढली होती, इथे 0.013-0.014 येतेय, कारण झेड-चाचणी पायऱ्यापायऱ्यांच्या बायनॉमियलवर गुळगुळीत नॉर्मल वक्र बसवते. परीक्षेत हा फरक कुणी विचारणार नाही, पण तुझ्यासारख्या मुलीला तो दिसणार आणि छळणार, म्हणून सांगून ठेवते. मग 60 च्या जागी 240 खाने घे आणि हिस्टोग्राम निम्मा अरुंद होतो का बघ. नमुना चौपट केला की पसारा निम्मा, हे सूत्रात वाचणं आणि डोळ्यांनी बघणं यात फार फरक आहे.

बाकीच्या प्रकरणांवर थोडक्यात. दोन गटांची तुलना करायला सांगितली तर दोघांचं वेगवेगळं वर्णन करून थांबू नकोस, ‘पेक्षा जास्त’, ‘पेक्षा कमी’ हे शब्द आलेच पाहिजेत, आणि आकार, मध्य, पसारा, आउटलायर या चौघांबद्दल. रिग्रेशनचा स्लोप (रेषेचा उतार) सांगताना ‘अंदाजे’ किंवा ‘मॉडेलनुसार’ म्हणायला विसरू नकोस. एकाच व्यक्तीची आधीची आणि नंतरची मापं असतील तर ती जोडीची चाचणी, दोन गटांची नव्हे. काय-स्क्वेअर (वर्गवारीच्या आकड्यांची चाचणी) शिकायला सोपं आहे, सगळ्यात शेवटी कर.

वेळेचं काय, हे मात्र तुझ्यावर अवलंबून आहे. तू अकरावीत आहेस आणि मे महिना दूर आहे, ही चांगली गोष्ट. आठवड्याला चार-पाच तास नियमाने दिलेस तर जानेवारीअखेर अभ्यासक्रम एकदा पूर्ण होईल आणि उरलेला वेळ लेखी प्रश्नांना मिळेल. इंटिग्रेटेड क्लासला जात असशील, सकाळी सातला घरातून निघून रात्री आठला परत, तर हे चार-पाच तास कुठून येणार ते आधी घरच्यांशी बसून ठरव. बारावीत देणाऱ्यांना मी सहसा थांबवते: बोर्डाचे पेपर, जेईई, सीईटी आणि मे महिन्यातली एपी यांची एकमेकांत टक्कर होते आणि पहिला बळी एपीचाच जातो. शिवाय अमेरिकेला जायचं नक्की नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी, तेही विचार. इथल्या सीईटी-जेईईला याचा काही उपयोग नाही, आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.च्या प्रवेश परीक्षेत, नाव काहीही असलं तरी, गणितच विचारतात.

आता उत्तरं तपासण्याबद्दल. कॉलेज बोर्ड जुने लेखी प्रश्न फुकट देतं, 1990 च्या दशकाअखेरपासूनचे. त्याबरोबर गुणदानाचे निकष असतात आणि अलीकडच्या वर्षांसाठी खऱ्या विद्यार्थ्यांची उत्तरं, त्यांना मिळालेले गुण आणि मुख्य परीक्षकांचा अहवाल. हा खजिना क्लासवाल्यांकडेही हाच असतो. पण तो वापरायची एक रीत आहे. प्रश्न घड्याळ लावून सोडव, साधारण तेरा मिनिटं, हाताने, कागदावर. उत्तर लगेच तपासू नकोस. आधी त्याच प्रश्नाची तीन विद्यार्थ्यांची उत्तरं वाच आणि गुण न बघता त्यांना तू गुण दे. मग खरे गुण बघ. परक्याच्या उत्तरातल्या उणिवा आपल्याला पटकन दिसतात. दोन दिवसांनी स्वतःचा कागद परका समजून तपास. निकषात लिहिलेली गोष्ट तुझ्या कागदावर शब्दांत असेल तरच गुण, ‘मला तेच म्हणायचं होतं’ चालणार नाही.

आणि एक माणूस शोध. त्याला संख्याशास्त्र यायलाच हवं असं नाही. तुझा निष्कर्ष वाचून ‘म्हणजे नक्की कुणाबद्दल म्हणतेयस? किती घरं?’ असं विचारणारी आई किंवा आजोबाही चालतील. एपी देणारी दुसरी कुणी भेटली तर उत्तमच, आठवड्याला एकमेकींचे दोन कागद अदलाबदल करा. डिसेंबरमध्ये मागच्या कुठल्याही वर्षाचे चार लेखी प्रश्न सोडवून निकषांप्रमाणे तपास. प्रत्येकी दोनच्या आसपास गुण येत असतील तर ठीक चाललंय. त्याच्या खाली असशील तर पूर्ण क्लास न लावता संख्याशास्त्राच्या एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला महिन्यातून दोनदा फक्त कागद तपासायला सांग. पुण्यात अशी मुलं शोधायला फार लांब जावं लागत नाही, आणि फी क्लासच्या मानाने किरकोळ असते.

पुस्तकाचं विचारलं होतंस ना? खान अकॅडमीवर एपी स्टॅटिस्टिक्सचा पूर्ण कोर्स फुकट आहे. ओपनइन्ट्रो या गटाचं हायस्कूल पातळीचं पुस्तक पीडीएफमध्ये मोफत मिळतं, त्यात वाचायला मजकूर जास्त आहे आणि तुला तेच हवंय. दोन्हींपैकी एक मुख्य धर. तिसरं काही विकत घेऊ नकोस.

कॅल्क्युलेटरची सवय मात्र लवकर लाव. आपल्या बारावीच्या पेपरवर लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही असं छापलेलं असतं, त्यामुळे आपली मुलं हाताने भागाकार करत बसतात आणि वेळ घालवतात. एपीला सांख्यिकीची सोय असलेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर अपेक्षित असतो. तो इथे महाग पडतो, म्हणून आधी सेकंडहँड किंवा उसना मिळतो का बघ. 2025 पासून ही परीक्षा ब्लूबुक या अॅपवर होते: बहुपर्यायी उत्तरं स्क्रीनवर, लेखी उत्तरं मात्र प्रश्न स्क्रीनवर वाचून कागदी पुस्तिकेत हाताने लिहायची. अॅपमध्येच डेसमॉस हे ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतं, त्यावरही सराव कर. उत्तरात कॅल्क्युलेटरची आज्ञा जशीच्या तशी उतरवून ठेवू नकोस. कुठलं डिस्ट्रिब्युशन, मध्य किती, एसडी (प्रमाण विचलन) किती, कुठली बाजू, हे लिही.

पुस्तक उघडण्याआधी एक काम याच आठवड्यात कर. एपी घेणाऱ्या शाळांची यादी कॉलेज बोर्डाच्या साइटवर आहे. पुण्यातल्या ज्या शाळा त्यात दिसतील त्यांच्या एपी कोऑर्डिनेटरना ईमेल कर: बाहेरचे विद्यार्थी घेता का, स्टॅटिस्टिक्सचा पेपर तुमच्याकडे होणार आहे का, फी किती आणि शेवटची तारीख कुठली. नोंदणीसाठी शाळेकडून जॉइन कोड मिळावा लागतो, तो स्वतःहून काढता येत नाही. नोंदणीची नेहमीची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते, नंतर जादा फी पडते, आणि शाळा आपल्यापुरती त्याही आधीची तारीख ठरवू शकते. काही शाळा फक्त आपल्याच मुलांना घेतात, त्यामुळे एक नकार आला म्हणून थांबू नकोस. पुण्यात कुणीच घेतलं नाही तर मुंबईच्या शाळांना विचार. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे कुणाकडे राहायची सोय होईल का, हेही आत्ताच बघून ठेव.